नाशिक ते सॅन फ्रान्सिस्को: १३,४०० किलोमीटर म्हणजे नक्की किती तास?

नाशिक ते सॅन फ्रान्सिस्को अंतर किती, असं मोबाइलवर विचारलं की क्षणात उत्तर येतं: सुमारे १३,४०० किलोमीटर. त्याच्याच खाली विमानप्रवासाचा वेळ दिलेला असतो, कुठे पंधरा तास, कुठे पावणेसतरा. लेक किंवा मुलगा तिकडे नोकरीला गेलेल्या घरात हा आकडा पहिल्यांदा वाचला की जीव भांड्यात पडतो. रात्री जेवून निघायचं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पोचायचं, एवढंच तर आहे. मग तिकीट बघायला बसलं की समोर येतात बावीस तास, सव्वीस तास, एखादं तर एकतीस तासांचं. आणि नाशिकजवळच्या ओझर विमानतळावरून थेट जाणारं विमान तर एकही नाही.

अंतराचा आकडा चोख आहे. वेळेचा आकडा मात्र बहुतेक ठिकाणी एका साध्या भागाकारातून काढलेला असतो. त्या भागाकारात वारा धरलेला नसतो, हिमालय धरलेला नसतो, कोणत्या देशाचं आकाश आज बंद आहे तेही धरलेलं नसतं. घरातलं कुणी एवढ्या लांब जाणार-येणार असेल तर हे दोन आकडे कसे तयार होतात ते एकदा नीट समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं. तिकीट निवडताना त्याचा उपयोग होतोच, शिवाय पोराचं विमान भलतीकडेच का चाललंय म्हणून फोनकडे बघत जी धाकधूक होते, तीही कमी होते.

अमेरिका नेमकी कुठल्या दिशेला?

भिंतीवरच्या नकाशात अमेरिका डाव्या हाताला असते. त्यामुळे नाशिकहून अमेरिकेला जायचं म्हणजे पश्चिमेला, अरबी समुद्रावरून, आफ्रिका-युरोप ओलांडून, अशी आपली समजूत असते. आता घरात शाळेतला पृथ्वीगोल असेल तर तो काढा. एक दोरा घ्या, त्याचं एक टोक नाशिकवर धरा, दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर, आणि दोरा ताणा. ढिला असताना तो कुठूनही जाईल, पण घट्ट ताणला की सरकत सरकत एका जागी येऊन थांबतो. तो जिथे थांबतो तो दोन गावांमधला सर्वांत जवळचा रस्ता. भूगोलाच्या पुस्तकात ज्याला बृहद्वृत्त म्हणतात त्याचाच तो एक तुकडा असतो.

हा दोरा पश्चिमेला जातच नाही. तो नाशिकहून जवळजवळ सरळ उत्तरेला निघतो, किंचित पूर्वेकडे झुकून. पंचवटीतून निघालात तर सप्तशृंगी गडाची जी दिशा, तीच सॅन फ्रान्सिस्कोची दिशा. पुढे ही रेघ जयपूरवरून, शिमल्यावरून जाते, तिबेटचं पठार आणि शिनजियांग ओलांडते, सायबेरिया उभा कापते, आर्क्टिक महासागरावर ७६ अंश उत्तरेपर्यंत चढते आणि मग अलास्कावरून खाली उतरत कॅलिफोर्नियाला पोचते. वाटेत ना युरोप, ना अटलांटिक.

भिंतीवरचा नकाशा इथे दिशाभूल करतो, कारण गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरायची म्हणजे कुठेतरी ताणावी लागतेच. १५६९ मध्ये मर्केटरने बनवलेल्या नकाशात ध्रुवांकडचे प्रदेश प्रचंड ताणले गेले आहेत. त्यात ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं, प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या सुमारे चौदापट मोठी आहे. अशा नकाशावर पट्टीने नाशिक आणि सॅन फ्रान्सिस्को जोडलं, तेही जवळच्या म्हणजे पूर्वेकडच्या बाजूने, तरी त्या सरळ दिसणाऱ्या रेघेवरून खरोखर जाताना १६,००० किलोमीटर कापावे लागतील. गोलावरची वाट तीच गावं १३,४०० किलोमीटरमध्ये जोडते. कागदावर वाकडी दिसणारी वाट अडीच हजार किलोमीटरने जवळची आहे.

मोबाइल हा हिशेब करतो तो फक्त चार आकड्यांवरून: नाशिकचे अक्षांश-रेखांश (२० अंश उत्तर, ७३.८ अंश पूर्व) आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळाचे (३७.६ अंश उत्तर, १२२.४ अंश पश्चिम). पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरून त्रिकोणमितीचं एक सूत्र चालवलं की उत्तर हातात. पृथ्वी ध्रुवांपाशी थोडी चपटी आहे, म्हणून वेगवेगळ्या ठिकाणी पाच-पंचवीस किलोमीटरचा फरक दिसतो. तो मनावर घेऊ नये. विमान अकरा किलोमीटर उंचीवरून जातं म्हणून त्याचा घेर मोठा होतो का, असाही प्रश्न पडतो. होतो, पण एवढ्या सगळ्या प्रवासात जेमतेम तेवीस किलोमीटरने.

मग पंधरा तास आले कुठून?

लांब पल्ल्याची प्रवासी विमानं आवाजाच्या वेगाच्या साधारण ८४-८५ टक्के वेगाने जातात. अकरा किलोमीटर उंचीवर हवा अतिशय थंड असते, तिथे आवाजाचा वेगही कमी, ताशी सुमारे १,०६५ किलोमीटर. त्याचे ८४ टक्के म्हणजे ताशी ८९५ च्या आसपास, म्हणजे ९०० किलोमीटर धरा. १३,४०० ला ९०० ने भागलं की पंधरा तास. एखादं संकेतस्थळ ८०० ने भागतं, म्हणून तिथे पावणेसतरा दिसतात. दोन्हीकडे भागाकारच आहे, फक्त भाजक वेगळा.

छोट्या प्रवासात हा भागाकार लगेच उघडा पडतो. ओझर ते दिल्ली हवाई अंतर सुमारे ९९० किलोमीटर. ९०० च्या वेगाने सव्वा तासही लागू नये, पण वेळापत्रकात दोन तासांच्या आसपासचा वेळ असतो. कारण वेळापत्रकातला वेळ विमान जागेवरून मागे सरकलं तिथपासून ते पोचल्यावर जागेवर उभं राहीपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंत जाणं, आपल्या पाळीची वाट बघणं, वर चढताना आणि खाली उतरताना कमी असलेला वेग, दिल्लीच्या गर्दीत दोन घिरट्या, हे सगळं त्यात आलं. हा पाऊण तास दोन तासांच्या प्रवासात डोळ्यात भरतो आणि सोळा तासांच्या प्रवासात विरून जातो. लांबच्या प्रवासात खरी उलथापालथ करतो तो वारा.

लांबची वाट लवकर संपते तेव्हा

ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमानाची वाट बदलली, तो प्रसंग या सगळ्या विषयाची किल्ली आहे असं मी समजतो.

त्याआधी हे विमान युरोप आणि अटलांटिकवरून जायचं. ती वाट सुमारे १३,९०० किलोमीटरची, आणि वेळ सोळा तासांहून जास्त. नवी वाट उलट्या बाजूने: दिल्लीहून पूर्वेला, बांगलादेश, म्यानमार, चीन, जपान आणि मग अख्खा पॅसिफिक. ही वाट भरली तब्बल १५,३०० किलोमीटर, म्हणजे जुनीपेक्षा १,४०० किलोमीटर जास्त. आणि विमान पोचलं साडेचौदा तासांत. नाशिकहून मुंबई आणि मुंबईहून गोवा-कर्नाटकापर्यंत जाऊन परत यावं एवढं जादा अंतर कापूनही विमान दीड-दोन तास आधी उतरलं.

आता भागाकार उलटा करून बघा. १५,३०० भागिले साडेचौदा म्हणजे ताशी सरासरी १,०५५ किलोमीटर. विमानाचा स्वतःचा वेग तर ९०० च्या आसपासचाच होता. वरचे दीडशे किलोमीटर वाऱ्याने दिले.

या वाऱ्याला जेट स्ट्रीम म्हणतात. विषुववृत्ताकडची हवा तापलेली, ध्रुवाकडची गारठलेली. या दोन्हींच्या तापमानात जिथे एकदम फरक पडतो तिथे वर, नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, वेगवान वारा वाहतो. पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्याने तो वळून पश्चिमेकडून पूर्वेकडे धावू लागतो. काही शे किलोमीटर रुंद आणि काही किलोमीटर जाड असा हा पट्टा नागमोडी वळणं घेत पृथ्वीला वेढा घालतो. त्याचा वेग ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर सहज असतो, कधी कधी तीनशेच्याही वर जातो. हिवाळ्यात उत्तर आणि दक्षिणेतला तापमानाचा फरक वाढतो, म्हणून वाराही वाढतो. त्या दिवसांत त्याची एक शाखा थेट उत्तर भारतावरून, हिमालयाच्या दक्षिणेने वाहते. नेमकी तीच विमानांची उंची. म्हणून मुंबईहून लंडनला जाताना जास्त वेळ लागतो आणि परत येताना कमी.

विमानात बसलात तर समोरच्या पडद्यावर हे स्वतः पाहता येतं. सिनेमाच्या यादीतून मागे येऊन नकाशाचं पान उघडा. तिथे जमिनीवरचा वेग, उंची, बाहेरचं तापमान आणि वारा असे आकडे आळीपाळीने येत राहतात. वारा पाठीमागून ९० दाखवत असेल तेव्हा जमिनीवरचा वेग ९८० च्या आसपास असेल. दोन तासांनी विमान वळलं आणि तोच वारा समोरून आला की वेग ८०० वर येतो. इंजिनाचा आवाज तोच, पोटातलं पाणीही हलत नाही, आणि तरी तासाला जवळजवळ दोनशे किलोमीटरचा फरक पडलेला असतो. ‘पोचायला किती वेळ’ हा खालचा आकडा मग दहा-पंधरा मिनिटांनी मागेपुढे सरकतो तो याच कारणाने.

फेब्रुवारी २०२० मध्ये किआरा नावाच्या वादळाने अटलांटिकवरचा वारा इतका वाढला की ब्रिटिश एअरवेजचं जंबो जेट न्यूयॉर्कहून लंडनला चार तास छप्पन्न मिनिटांत पोचलं. जमिनीवरचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता. तरीही ते विमान आवाजापेक्षा वेगाने उडालं असं म्हणता येत नाही, कारण आजूबाजूच्या हवेच्या तुलनेत त्याचा वेग नेहमीचाच होता. हवाच धावत होती.

इथे एक शंका हटकून निघते. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, मग विमान नुसतं वर जाऊन थांबलं तर अमेरिका आपोआप खाली येईल की नाही? आणि पूर्वेला जाणाऱ्या विमानापुढे तर जमीन पळतच राहील? शंका अगदी रास्त आहे. पण पृथ्वीबरोबर तिची हवाही फिरते. ओझरच्या धावपट्टीवर उभं असलेलं विमानसुद्धा पृथ्वीच्या त्या फिरण्यासकटच उभं असतं आणि उडाल्यावर तो वेग त्याच्याकडून कुणी काढून घेत नाही. म्हणून पृथ्वीचं फिरणं थेट हिशेबात येत नाही. ते येतं वाऱ्याच्या मार्गाने, जेट स्ट्रीमला पूर्वेकडे वळवून.

विमान कंपन्या म्हणूनच किलोमीटरपेक्षा मिनिटं आणि इंधन मोजतात. प्रत्येक उड्डाणाआधी काही तास त्या दिवसाच्या वाऱ्याचा अंदाज घेऊन वाट आखली जाते. सोमवारचं विमान सायबेरियावरून गेलं आणि त्याच क्रमांकाचं गुरुवारचं विमान पॅसिफिकवरून, असं होऊ शकतं.

दोऱ्याच्या वाटेवर पठार आहे

मघाचा दोरा शिमल्यावरून तिबेटच्या पठारावर गेला होता. प्रवासी विमानं शक्यतो तिथे जात नाहीत. हिमालयाची शिखरं उंच म्हणून विमान अडतं असं पुष्कळांना वाटतं, पण विमान एव्हरेस्टच्याही वरून उडतं. अडचण वेगळी आहे. विमानाच्या आतला हवेचा दाब अचानक गेला तर वरून ऑक्सिजनचे मास्क खाली पडतात हे आपण सुरुवातीच्या सूचनांमध्ये ऐकतो. तो ऑक्सिजन पंधरा-वीस मिनिटांपुरताच असतो. तेवढ्या वेळात वैमानिकाने विमान दहा हजार फुटांपर्यंत, म्हणजे तीन किलोमीटरच्या आसपास खाली आणायचं असतं, जिथे माणूस मास्कशिवाय श्वास घेऊ शकतो. तिबेटचं पठारच सरासरी साडेचार हजार मीटर उंच आहे, आपल्या कळसूबाईच्या पावणेतीन पट. खाली यायला जागाच नाही. म्हणून वाट पठाराला वळसा घालून पश्चिमेने मध्य आशियाकडून किंवा पूर्वेने म्यानमार-चीनकडून काढावी लागते.

दुसरी अट इंजिनाची. हल्लीची बहुतेक लांब पल्ल्याची विमानं दोन इंजिनांची आहेत. एक बंद पडलं तर दुसऱ्यावर ठरावीक वेळात उतरता येईल असा विमानतळ वाटेत कुठेही असलाच पाहिजे, असा नियम आहे. आर्क्टिकवर, सायबेरियात असे विमानतळ विरळ. ६ जून २०२३ ला दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेल्या एअर इंडियाच्या बोइंग ७७७ च्या एका इंजिनात बिघाड झाला आणि विमान रशियाच्या पूर्व टोकाच्या मगदान शहरात उतरवलं गेलं. मगदान कुठे आहे हे तेव्हा आपल्याकडे अनेकांनी पहिल्यांदाच शोधलं असेल. नकाशात बघा, ते ओखोत्स्क समुद्राच्या उत्तर काठावर आहे, आणि दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को वाट खरोखर किती उत्तरेने जाते ते त्या एका ठिपक्यावरून कळतं. प्रवासी सुखरूप उतरले, दुसरं विमान जाऊन त्यांना घेऊन पुढे गेलं.

ध्रुवाजवळून जाता येतच नाही असं मात्र नाही. जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अगरवाल यांच्या नेतृत्वाखाली सगळ्या महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्को–बेंगळुरू विमान उत्तर ध्रुवावरून आणलं. ही दोन शहरं हवाई अंतराने जवळपास चौदा हजार किलोमीटर लांब आहेत. अशा उड्डाणाला बाहेरची थंडी, टाकीतलं इंधन गोठण्याची भीती, तिथे नीट न चालणारं होकायंत्र या सगळ्याची आधी तयारी करावी लागते. मला त्या बातमीचा फार अभिमान वाटला होता, आजही वाटतो.

बंद आकाश

प्रत्येक देशाच्या वरचं आकाश त्या देशाचं. ते कुणाला उघडायचं हे तो देश ठरवतो, आणि तिथे किलोमीटरचं गणित एका दिवसात बदलतं.

बालाकोटनंतर २७ फेब्रुवारी २०१९ पासून जुलैच्या मध्यापर्यंत पाकिस्तानचं आकाश बंद होतं. पुन्हा २४ एप्रिल २०२५ ला, पहलगामच्या हल्ल्यानंतर, पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं. दिल्लीहून पश्चिमेला निघणाऱ्या विमानाला मग आधी गुजरातच्या बाजूने खाली, अरबी समुद्रावर यावं लागतं आणि तिथून पश्चिमेची वाट धरावी लागते. अमेरिकेच्या काही विमानांना इंधन भरायला व्हिएन्नात उतरावं लागलं. युक्रेन युद्धानंतर २०२२ मध्ये रशियाचं आकाश अमेरिकी कंपन्यांना बंद झालं, तेव्हा युनायटेड एअरलाइन्सला तिची सॅन फ्रान्सिस्को–दिल्ली थेट सेवा थांबवावी लागली. एअर इंडियाला मात्र रशियावरून जाता येत होतं. म्हणजे तीच दोन शहरं, तेच अंतर, पण एका कंपनीला वाट आहे आणि दुसरीला नाही.

नाशिककरांना हे समजायला जड जाऊ नये, कारण आपल्या द्राक्षांनी हे भोगलं आहे. निफाड-दिंडोरीच्या बागेतलं द्राक्ष वातानुकूलित कंटेनरमधून न्हावाशेवा बंदरातून सुएझ कालव्यामार्गे रॉटरडॅमला जातं. २०२३ च्या शेवटी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. पुढच्या हंगामात माल पोचायला दोनेक आठवडे जास्त लागले, भाडं वाढलं, आणि इतके दिवस मण्यांचा ताजेपणा टिकवायचा घोर लागला तो वेगळाच. नाशिक–रॉटरडॅम अंतर तर एक किलोमीटरनेही वाढलं नव्हतं.

ओझरहून की मुंबईहून?

ओझरचा विमानतळ हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा. सुखोई लढाऊ विमानं जिथे तयार झाली तीच धावपट्टी, तीन किलोमीटर लांब. तिथून दिल्लीसारख्या काही शहरांना प्रवासी विमानं जातात. पण अमेरिकेचं थेट विमान तिथून निघण्यासाठी रोज तीनशेच्या आसपास प्रवासी लागतील, तेव्हा मधे कुठेतरी बदलणं आलंच.

आणि इथे भूगोल नाशिकच्या बाजूने आहे. ओझर–दिल्ली ९९० किलोमीटर, दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को सुमारे १२,३८०. बेरीज १३,३७०. ओझरहून थेट जाऊ शकलो असतो तरी अंतर तेवढंच, कारण दिल्ली जवळजवळ त्या दोऱ्यावरच आहे. मुंबई मात्र विरुद्ध दिशेला आहे. मुंबई–सॅन फ्रान्सिस्को हवाई अंतर १३,५०० किलोमीटर, आणि मुंबई गाठण्यासाठी आधी १६५ किलोमीटर रस्त्याने दक्षिणेकडे जायचं. दुबईमार्गे गेलं तर मुंबईपासून पुढे जवळपास १५,००० किलोमीटर होतात, सिंगापूरमार्गे साडेसतरा हजार.

तरी माझ्या ओळखीतले बहुतेक लोक मुंबईच धरतात आणि त्यालाही कारण आहे. मुंबईहून विमानांचे पर्याय जास्त, भाड्यात निवड जास्त, आणि चार मोठ्या बॅगा घेऊन गाडीतून थेट दारात उतरता येतं. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाल्यापासून कसाऱ्याचा घाट टाळता येतो. इगतपुरीजवळचा जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा पार केला की घाट संपलेलाच असतो. ठाण्यापुढची गर्दी मात्र आहे तशीच आहे, आणि जुलै-ऑगस्टमध्ये तिचा भरवसा धरू नये.

एक हिशेब मांडून बघू. नाशिकच्या गंगापूर रोडवरून मुंबई विमानतळ, वाटेत चहा आणि गर्दीची मुभा धरून पाच तास. आंतरराष्ट्रीय विमानासाठी तीन तास आधी. थेट विमान असेल तर साधारण सोळा तास. उतरल्यावर इमिग्रेशनची रांग, सामान, कस्टम्स यात दीड तास. झाले साडेपंचवीस. घराच्या दारापासून तिकडच्या विमानतळाच्या दारापर्यंत हाच आकडा खरा, आणि त्यात हवेतले तास दोन-तृतीयांशपेक्षा कमी आहेत.

मधे थांबा असेल तर तिकिटावर लिहिलेल्या एकूण वेळात तो धरलेला असतो. दीड तासाचा थांबा कागदावर छान दिसतो, पण पहिलं विमान चाळीस मिनिटं उशिरा आलं तर धावपळ होते. वयस्कर आई-वडील एकटे जाणार असतील तर एकूण तास थोडे वाढले तरी चालतील, थांबा एकच असावा आणि तोही तीन-चार तासांचा असावा, हे माझं ठाम मत आहे. व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागून ठेवावी. चालता येत असलं तरी मागावी, कारण तिच्याबरोबर येणारा माणूस योग्य दारापर्यंत नेऊन पोचवतो. दोन वेगवेगळी तिकिटं जोडून प्रवास आखला असेल, म्हणजे ओझर–दिल्ली एक आणि पुढचं दुसरं, तर दिल्लीत सामान घेऊन पुन्हा द्यावं लागतं आणि पहिल्या विमानाच्या उशिरामुळे पुढचं चुकलं तर त्याची जबाबदारी दुसरी कंपनी घेत नाही. तिथे रात्रभराचा थांबा ठेवला तरी तो वाया गेला असं समजू नये.

घड्याळ

शेवटचा गोंधळ वेळेच्या फरकाचा. सॅन फ्रान्सिस्को आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे आहे, हिवाळ्यात साडेतेरा. मुंबईहून दुपारी दोनला विमान निघालं आणि सोळा तासांनी उतरलं, तर नाशिकच्या घड्याळात दुसऱ्या दिवशीचे सकाळचे सहा वाजलेले असतात. त्यातून साडेबारा वजा केले की तिकडे आदल्या दिवशीचे, म्हणजे निघाल्याच दिवशीचे, संध्याकाळचे साडेपाच. तिकिटावर दोन ते साडेपाच दिसतं आणि विमानाला साडेतीनच तास लागतात की काय असं वाटतं. परतीला उलट होतं. तिकडून सकाळी दहाला निघालं आणि सतरा तास लागले, तर मुंबईत दुसऱ्या दिवशीचे दुपारचे साडेतीन वाजलेले असतात. कागदावर साडेएकोणतीस तास.

म्हणून तिकिटावरच्या दोन वेळांची वजाबाकी करू नये. दोन्ही वेळा आधी आपल्या घड्याळात आणाव्यात आणि मग फरक काढावा. आणायला गाडी पाठवायची असेल तर तिकिटावरच्या उतरण्याच्या वेळेशेजारी ‘+१’ असं बारीक लिहिलेलं आहे का ते आधी बघावं. विमान रात्री साडेबाराला उतरणार असेल तर तारीख पुढची असते, आणि एक दिवस आधीच मुंबईच्या सहार विमानतळावर जाऊन उभे राहिलेले लोक दरवर्षी भेटतात. अमेरिकेतली घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. त्या आठवड्यांतलं तिकीट असेल तर फरक साडेबारा धरायचा की साडेतेरा, हे प्रवासाच्या तारखेवरून ठरवावं, तिकीट काढलं त्या तारखेवरून नव्हे.